शाळेच्या बागेची आधारभिंत



उतारावर वसलेल्या शाळेची बाग राखणे हे मोठे चिकाटीचे काम असते. ज्या वाफ्यांतील मेथी आणि वांगी मुलांच्या पोषण आहाराच्या पातेल्यात जातात, त्यांची कसदार माती एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते. म्हणून बागेचे टप्पे पाडून त्यांना विटांच्या दर्शनी बाजूची आधारभिंत घालण्याकडे शाळांचा कल असतो. वर्गणी गोळा होते, श्रमदान होते व भिंत उभी राहते. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु आपण सर्वजण भिंतीचे तोंड पाहतो. तिचे आयुष्य मात्र तिच्या पाठीवर अवलंबून असते. हीच गोष्ट मला आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

कुंपणाची भिंत केवळ स्वतःचा भार वाहते. आधारभिंतीला मागील मातीचा रेटाही सोसावा लागतो. भिंतीची उंची दुप्पट केली की हा एकूण रेटा चौपट होतो. त्यात माती पाण्याने तुडुंब भरली, तर रेटा कोरड्या मातीच्या दुपटीहूनही अधिक होऊ शकतो. उन्हाळ्यात भक्कम दिसणारी भिंत श्रावणात कोसळते, ती याच कारणाने. २०१९ च्या जुलै महिन्यात मुंबईतील मालाड येथे अतिवृष्टीच्या रात्री टेकडीवरील भिंत कोसळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. आपली भिंत लहान खरी. पण तिच्या पायथ्याशी मुले खेळतात, हे क्षणभरही विसरून चालणार नाही.

म्हणून पहिला नियम उंचीचा. बागेतील भिंत ८० सेंटीमीटरपर्यंतच ठेवावी. उतार मोठा असल्यास एका उंच भिंतीऐवजी दोन ठेंगण्या भिंती, मध्ये पुरेसे अंतर सोडून, घालाव्यात. भिंत एक मीटरहून उंच होणार असेल, किंवा वरच्या अंगास वर्गखोली अथवा रस्ता असेल, तर बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा सल्ला घेतल्यावाचून काम आरंभू नये.

दुसरा नियम पायाचा. काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. तिच्यावर पाया ठेवू नये. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे. ८० सेंटीमीटर उंचीच्या भिंतीची जाडी तळाशी ४५ सेंटीमीटर असावी. पुढे विटांची १० सेंटीमीटर जाडीची दर्शनी बाजू व मागे ३५ सेंटीमीटर दगडी बांधकाम. विटा दगडाला नुसत्या चिकटवू नयेत. दर तिसऱ्या थरातील विटा आडव्या घालून त्यांची मागील टोके दगडी बांधकामात रुतवावीत, म्हणजे पुढचे व मागचे अंग एकजीव होते. विटा आधी पाण्यात भिजवाव्यात, उभे सांधे एकावर एक येऊ देऊ नयेत, आणि प्रत्येक थर सुमारे एक सेंटीमीटर मागे घ्यावा. माथ्यावरून ओळंबा सोडला असता तळाशी तो भिंतीच्या तोंडाला टेकला पाहिजे. बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारावे.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा व सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा आहे. जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर उंचीवर, दर एक ते दीड मीटर अंतराने, भिंतीतून आरपार नळीचे तुकडे बाहेरच्या बाजूस किंचित उतार देऊन बसवावेत. भिंतीमागे ३० सेंटीमीटर रुंदीत खडी भरावी. बागेची माती त्यामागे यावी. भराव भिंत पुरती आवळल्यावर, दोनेक आठवड्यांनी, पातळ थरांनी हलक्या हाताने चोपीत करावा. ओल येते म्हणून किंवा तोंड विद्रूप दिसते म्हणून ही भोके बुजविण्याचा आग्रह कोणी धरील. तो कदापि मानू नये.

या कामात मुलांचा वाटा कोणता? चर खणणे व विटा वाहणे हे त्यांचे काम नव्हे. परंतु हाताच्या कामातून ज्ञान द्यावे, हा १९३७ च्या वर्धा परिषदेने पुरस्कारिलेला विचार येथे सहज साधता येतो. सांध्यासह एक वीट २० सेंटीमीटर लांबी व १० सेंटीमीटर उंची व्यापते. भिंत सहा मीटर लांब व आठ थरांची आहे. तिसरा व सहावा हे थर आडव्या विटांचे आहेत. तर एकूण विटा किती? साध्या थरास ३०, आडव्या थरास ६०, म्हणून सहा साधे थर १८० व दोन आडवे थर १२०, एकूण ३००. तसेच कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात ठेवावी व पुन्हा तोलावी. वजन २० टक्क्यांहून अधिक वाढले, तर ती वीट पत्करू नये. गणित व विज्ञान यांचे असे पाठ मुले सहसा विसरत नाहीत.

भिंत पुरी झाली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर मुलांना दूर ठेवून स्वतः पाहणी करावी. भोकांतून पाणी निथळत असेल, तर निश्चिंत असावे. भोके कोरडी असून भिंतीला फुगवटा किंवा आडवी भेग दिसली, तर त्या बाजूस दोरी बांधून वाट बंद करावी व त्याच दिवशी लेखी कळवावे. भिंतीलगत वड, पिंपळ वा उंबर यांचे रोप दिसताच ते मुळासकट काढावे.

आपल्या शाळेत अशी भिंत आधीच असेल, तर येत्या आठवड्यात तिची भोके मोजा, बुजली असल्यास मोकळी करून घ्या, आणि त्याची नोंद शाळेच्या दप्तरी ठेवा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.