कंबर दुखते, ताई

(भिवंडीतील महिला मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज 'उदासी' या विषयावर बोलायचं आहे हे कळल्यावर तुमच्यातल्याच एकीनं मला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, उदास व्हायला वेळ कुणाला आहे?" प्रश्न खरा आहे. नळाला पाणी येईल तेव्हा उठायचं, डबे, पोरांच्या शाळा, मग कांड्या भरणं नाहीतर घरी आणलेलं धागा कटिंग. कुणी भिस्सीत मजुरांच्या चपात्या लाटते, कुणी हल्ली माणकोलीकडच्या गोदामांत पॅकिंगला जाते. नवरा लूमवर बारा तासांची रात्रपाळी करून आलेला, त्याच एका खोलीत दिवसभर झोपलेला. भांडं वाजलं तरी शिवी. अशा घरात रडायला कोपरा तरी कुठला?

म्हणून आपल्याकडे उदासी उघड्या तोंडानं येत नाही. ती कंबरदुखी होऊन येते, डोकं धरून येते, 'अंगावरून पांढरं जातं' म्हणत येते. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५-०६च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पांढरं जाण्याची तक्रार आणि मनाचा आजार यांचं नातं त्यात स्पष्ट दिसलं. (जंतुसंसर्ग असेल तर त्यावर उपचार हवेतच, ते टाळू नका.) आणि मनाचा आजार जास्त कुणाला? हातातोंडाची गाठ न पडणाऱ्या, नवऱ्याची जबरदस्ती सोसणाऱ्या, नवरा गेलेल्या किंवा टाकलेल्या, घरात ज्यांच्या शब्दाला किंमत नाही अशा बायकांना. आपण हे बैठकांमधून कधीपासून म्हणत होतो, पण आकड्यांनी म्हटलं की लोक ऐकतात!

आता माझी चूक सांगते. शांतीनगरमधली एक बाई तीनदा माझ्याकडे कंबर दुखते म्हणून आली. मी दवाखान्याची चिठ्ठी दिली, लोहाच्या गोळ्यांचं सांगितलं, वर "मन रमवा, चांगले विचार करा" असा उपदेशही केला. समाजकार्याची एम.ए. पदवी घेतलेली मी! चौथ्या वेळी सहज विचारलं, "झोप लागते का?" ती म्हणाली, "तीन वाजता जाग येते. मग पोरांकडे बघत बसते. वाटतं, सगळ्यांनीच एकदम झोपून जावं." तिन्ही वेळा हेच सांगायला ती आली होती. मी विचारलंच नव्हतं.

मन चार दिवस खट्टू होणं वेगळं. पण दोन आठवडे, रोज, बहुतेक वेळ मन बुडालेलं; कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, तर तो आजार आहे. आळस नव्हे, बाहेरचंही नव्हे. आणि मरणाचे विचार येत असतील तर सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग तिला एकटीला सोडू नका.

या आजाराचं एक चक्र असतं. मन बुडालं की बाई दाराबाहेर पडत नाही, शेजारणीशी बोलत नाही. मग मन हलकं करणारं काहीच उरत नाही आणि ती आणखी बुडते. मन बरं वाटण्याची वाट बघायची नाही, आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. गोव्यातल्याच 'संगत' संस्थेनं आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, या विषयाचं आधी शिक्षण नसलेल्या माणसांना तयार करून सहा ते आठ भेटींत हेच शिकवलं. तीव्र उदासीच्या रुग्णांनाही त्याचा उपयोग झाला.

पण 'हातपाय हलवा' म्हणजे 'आणखी काम करा' नव्हे, हे मी घरच्यांना बजावून सांगते. काम ती करतेच आहे. आमच्या त्या बाईनं ठरवलं, चारला शेजारणीबरोबर गच्चीवर जायचं. दहा मिनिटं. पहिले काही दिवस नुसत्या बसल्या. सासू म्हणाली, "कसली हवा खाता?" शेजारीण म्हणाली, "वाळवण राखतो."

तिला गोळ्याही लागल्या. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत, आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली झोपेची गोळी म्हणजे हे औषध नव्हे. तिचा नवरा अडून बसला, "तिला ठाण्याला नेऊ काय?" ठाणं म्हटलं की आपल्याला १९०१ सालापासूनच्या मनोरुग्णालयाच्या भिंतीच आठवतात. पण बाह्यरुग्ण विभागात दाखवून माणसं त्याच दिवशी घरी परततात. तीही संध्याकाळी परतली, डबे भरायला. बदल इतका की त्या दिवशी पीठ नवऱ्यानं मळलं होतं. मार थांबला का? थांबला नाही. त्याची तक्रार आपण वेगळी लढतो आहोत, गोळीनं नवरा सुधारत नाही.

आणखी एक. जिवाचं बरंवाईट करायला गेलेल्या बाईला घरचे 'स्टोव्ह भडकला' म्हणून दडवतात, पोलिसांच्या भीतीनं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं आहे. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे. मात्र स्टोव्हच्या नावाखाली कुणी तिला जाळलं तर नाही ना, हे आपण विचारायचंच.

१४४१६ हा 'टेलिमानस'चा नंबर लिहून घ्या. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. मोबाईल नवऱ्याच्या ताब्यात असेल तर आपल्या केंद्रातून लावा.

सभा संपल्यावर मी तासभर इथेच बसणार आहे. कंबर दुखते म्हणून आलात तरी चालेल.