वाकडी मुळे आणि वाकणारी तार



इतिहास, साहित्य आणि राजकारण यांच्या पंक्तीत दाढेचे पान मांडावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या रात्री दाढ ठणकते त्या रात्री यांपैकी एकही विषय सुचत नाही, हे आपण सारे जाणता. तेव्हा या आसनावरून थोडा वेळ दाढेची बाजू मांडण्याची आम्हांस परवानगी असावी.

दुखऱ्या दाढेला आपल्याकडे बहुधा एकच शिक्षा ठाऊक होती. ती म्हणजे उपटणे. पण दाढ गेली म्हणजे प्रकरण मिटले असे होत नाही. शेजारचे दात त्या जागेकडे कलतात, समोरची दाढ मोकळ्या जागेत सरकते, आणि चावण्याचा भार एकाच बाजूवर पडतो. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण म्हातारपणासाठी होती; ती चाळिशीत लागू करून घेण्याचे आज कारण नाही. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली निघाले. पुढे हिंगणा मार्गावर आणि वर्ध्याजवळ सावंगीलाही दंत महाविद्यालये झाली. दाढ राखण्याची विद्या विदर्भाला आता परकी राहिलेली नाही.

ही विद्या म्हणजे काय? दाताच्या पोटात मऊ मज्जा असते. लोक तिला नस म्हणतात. कीड तेथवर पोचली की मज्जा सुजते, मरते, कुजते. दात राखावयाचा तर मुळातील बारीक नलिकांतून ती घाण काढावी, नलिका निर्जंतुक कराव्यात आणि गटापर्चाने घट्ट बुजवाव्यात. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. सांगावयास सोपे, पण दाढेला तीन-चार नलिका, त्या केसासारख्या बारीक, आणि बहुधा वाकड्या! विहीर सरळ खणता येते. वाकडे बीळ साफ करणे निराळे.

या कामाचे पहिले हत्यार अमेरिकेतील एडवर्ड मेनार्ड याने १८३८ साली घड्याळाच्या स्प्रिंगपासून घडविले, असे सांगतात. पुढे पोलादाच्या फाइली आल्या. पोलाद ताठ असते. वाकड्या नलिकेत ते वाकते खरे, पण सारखे सरळ होऊ पाहते. त्यामुळे वळणाच्या बाहेरची भिंत अधिक घासली जाते. कधी तेथे पायरी पडते, कधी मुळालाच भोक पडते. ज्या वाटेने जावयाचे ती सोडून हत्यार स्वतःची वाट पाडते!

यावर उतारा आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकन नौदलाच्या शस्त्रसंशोधन शाळेत विल्यम ब्यूलर याने १९५९ च्या सुमारास निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूवर काम आरंभिले. दोन्ही धातूंचे अणू जवळजवळ समसमान. हिचा गुण असा की सुमारे आठ टक्के ताणली तरी ती मूळ आकारावर परत येते. पोलादाला एक टक्काही झेपत नाही. वेडेवाकडे दात ओळीत आणण्यासाठी तिची तार आधी वापरात आली. त्याच तारेपासून हरमीत वालिया आणि त्यांचे सहकारी ब्रँटली व गेर्स्टीन यांनी फाइली घडविल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध केले की त्या पोलादाच्या दुप्पट-तिप्पट लवचीक आहेत. १९९० नंतरच्या दशकात त्या यंत्रावर फिरू लागल्या.

दात कोरण्याचे यंत्र मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. ही फाइल फिरते साधारण तीनशे, म्हणजे घरच्या छताच्या पंख्याच्या चालीने! तिचे टोक ०.२५ मिलिमीटर. हाताच्या फाइलीची जाडी दर मिलिमीटरला ०.०२ मिलिमीटरने वाढते. हिची ०.०४ किंवा ०.०६ मिलिमीटरने. त्यामुळे नलिका नरसाळ्यासारखी होते, औषध खोलवर जाते, वेळही वाचतो.

येथवर स्तुती झाली, आता दोष. ही तार पुष्कळदा सूचना न देता तुटते. टोक अडकले आणि दांडा फिरत राहिला तर पिळून तुटते. वळणात हजारो वेळा वाकून थकली तरी तुटते. म्हणून आधी हाताच्या बारीक फाइलीने वाट मोकळी करावी लागते, जोर मुळीच द्यावयाचा नसतो, आणि वापरलेली फाइल वेळीच टाकावी लागते. पुष्कळ कारखानदार ती एकदाच वापरावयास सांगतात. खर्चापायी ती पुन्हा वापरण्याचा मोह होतो. तुकडा अडकला म्हणजे दात गेलाच असे नव्हे, पण त्याच्या पलीकडची घाण काढणे कठीण होते.

दुसरे असे की, फाइल नलिकेला आकार देते; तिला शुद्ध करीत नाही. सूक्ष्म क्ष-किरण चित्रांवरून दिसले आहे की भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग कोणत्याच फाइलीला शिवत नाही. तेथे काम करते ते सोडियम हायपोक्लोराइटचे पाणी. तेव्हा 'यंत्राने करता काय?' एवढेच विचारून थांबू नये. रबराचा पडदा लावता काय, नलिका कशाने व किती वेळ धुता, फाइल किती वेळा वापरता, हेही नम्रपणे विचारावे. चांगल्या दंतवैद्यास या प्रश्नांचा राग येत नाही.

आणि शेवटी आपल्या गावची गोष्ट. नागपुरात खर्रा घोटला जातो. सुपारी, तंबाखू आणि चुना! सुपारीने गालाचे आतले अस्तर कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. त्यातून पुढे कर्करोगाचाही धोका असतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. जेथे दोनच मावतात, तेथे एकवीस मिलिमीटरची फाइल आणि तिच्यावरचे यंत्राचे डोके मागच्या दाढेवर न्यावे कसे? अलीकडे आधीच वाकवून आत घालता येणाऱ्या फाइली निघाल्या आहेत. त्यांनी थोडे साधते, सगळे साधत नाही. मग जी दाढ राखता आली असती ती उपटावी लागते, आणि कधीकधी उपटणेही अवघड होते.

वाकड्या मुळांसाठी वाकणारी धातू माणसाने शोधली. मिटलेल्या तोंडासाठी तशी कोणतीही धातू नाही. म्हणून आमची विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहून तीन बोटे मावतात का ते पाहा, घरातील तरुणांनाही पाहावयास सांगा, आणि मावत नसतील तर दाढ दुखण्याची वाट न पाहता उद्याच तपासून घ्या.