रक्त गेलं कुठून?

चंद्रपूरच्या मे महिन्यात कूलर सोडून इथवर आलेल्या श्रोत्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘आतड्यातील रक्तवाहिन्यांच्या विकृती आणि त्यांचे सांकेतिक वर्गीकरण’. एवढा लांबलचक विषय वाचूनही सभागृह भरलं, याचं श्रेय कार्यकर्त्यांचं. (हशा) मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत ‘रक्तक्षय’ एवढंच लिहून निदानाचा रकाना भरणं थांबलं पाहिजे. अंगात रक्त नाही हे डोळ्याची पापणी खाली ओढून शेजारीणही सांगते. ते गेलं कुठून, हे डॉक्टरनं सांगायचं.

आयसीडी तुम्हाला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण. त्याच्या दहाव्या आवृत्तीत प्रत्येक रोगाला एक अक्षर आणि पुढे आकडे. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बर्तियों यांनी मांडलेली मृत्यूच्या कारणांची यादी, १९४८ पासून संघटनेची जबाबदारी, हा इतिहास मी ओलांडून पुढे जातो.

आता आतडं. साठीनंतर काही माणसांच्या मोठ्या आतड्यात, बहुधा उजव्या बाजूला, अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. त्यांच्या भिंती पातळ होतात. दुखत काही नाही. रक्त झिरपतं, आपोआप थांबतं, काही महिन्यांनी पुन्हा झिरपतं. याला अँजिओडिसप्लेशिया म्हणतात. मोठ्या आतड्यात असेल तर कोड के ५५.२. जठरात असेल तर के ३१.८. रक्तवाहिन्यांची गुंतागुंत, म्हणजे एव्हीएम, जन्मापासूनची असेल तर प्रकरणच बदलतं, क्यू २७. घाईत कुणी कागदावर नुसतं ‘एव्हीएम’ लिहिलं, की म्हातारपणी झालेला आजार जन्मजात विकृतींत जाऊन बसायची भीती. अमेरिकेनं आपल्या आवृत्तीत शेवटी एक आकडा वाढवला: रक्तस्राव नसेल तर के ५५.२०, असेल तर के ५५.२१. आणि काहीच शोधलं नाही तर? त्यासाठीही जागा आहे. के ९२.२, पचनमार्गातला रक्तस्राव, अनिर्दिष्ट. त्याहून कमी शोधलं तर डी ६४.९, रक्तक्षय, अनिर्दिष्ट. माझं भांडण या ‘अनिर्दिष्ट’शी आहे.

एटापल्लीच्या पलीकडचे एक आजोबा माझ्याकडे आले होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, नीट घडी घालून ठेवलेले. प्रत्येक कागदावर तेच: तीव्र रक्तक्षय, रक्त चढवले, लोहाच्या गोळ्या. सिकलसेलची तपासणी झालेली, ती नकारार्थी. जंतांचं औषध दिलेलं. दोन्ही बरोबरच होतं, कारण आपल्या भागात सिकलसेल आहे, हिवताप आहे, भाताच्या बांधीत अनवाणी राबणाऱ्याच्या पोटात हुकवर्म असतो. त्यांची सून सांगत होती की शौचाला काळं होतं. तिला उत्तर मिळालं होतं, ‘गोळ्यांमुळे होतं ते.’ लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं हे खरंच आहे. पण गोळ्या सुरू होण्याआधीही काळंच होत होतं, हे ती सांगत होती आणि तेवढं वाक्य कुणी कागदावर उतरवलं नव्हतं.

मी त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि महाधमनीच्या झडपेवर खरखरीत आवाज ऐकू आला. इथे मला थोडं थांबू द्या, कारण वैद्यकातली ही मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट आहे. १९५८ साली एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या म्हाताऱ्या रुग्णांना आतड्यातून न उलगडणारा रक्तस्राव होतो, असं त्याच्या पाहण्यात आलं होतं. कारण त्याला ठाऊक नव्हतं. ते पुढे कळलं. अरुंद झडपेतून जोरानं जाताना रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, तुटतं आणि आतड्यातल्या त्या नाजूक वाहिन्या वाहू लागतात. काही रुग्णांत झडप बदलली की पोटातला रक्तस्राव थांबतो! हृदयाचं दुखणं शौचातून बोलतं. एका माणसानं जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं, म्हणून हे जगाला कळलं.

आजोबांची नागपूरला दुर्बिणीतून तपासणी झाली. आतड्याच्या उजव्या भागात लाल ठिपके सापडले, ते जाळले. आणि सुटीच्या कार्डावर? ‘पचनमार्गातील रक्तस्राव.’ सापडलेलं उत्तर कागदापर्यंत पोचलंच नाही.

पुढच्या रांगेत माझे तरुण सहकारी बसलेत, त्यांचा प्रश्न मला इथून वाचता येतोय. ओपीडीची रांग दाराबाहेर आहे, ग्रामीण रुग्णालयात दुर्बीण नाही, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि तुम्ही कोडचं काय घेऊन बसलात? मी तुमच्यावर बोट ठेवत नाही. मीही त्याच रांगेत उभा राहिलोय. पण दुर्बीण नाही म्हणून रोग लिहिला जात नाही आणि रोग लिहिला जात नाही म्हणून दुर्बीण मागता येत नाही. ही गाठ कुठून तरी सोडवावी लागेल, आणि पेन आपल्या हातात आहे.

गडचिरोलीनं ती पूर्वी सोडवून दाखवली आहे. वासा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि जगाला खेड्यातल्या बाईच्या आरोग्याकडे वळून पाहावं लागलं. तोवर कागदावर आजारच नव्हता. मूल गेल्यावर आईला नेमके प्रश्न विचारून मृत्यूचं कारण ठरवण्याचे निकषही त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९२ साली मांडले. यंत्र नव्हतं, तिथे प्रश्न होते…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मला राज्याच्या जनआरोग्य योजनेवर बरंच बोलायचं होतं. ती २०१२ साली ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. एवढंच सांगतो की तिथे रुग्णालयाला पैसे उपचाराच्या पॅकेजवर मिळतात, त्यामुळे निदानाचा कोड रकाना भरण्यापुरता उरू शकतो. तसं होऊ देऊ नका.

मृत्यूच्या दाखल्याचं मात्र सांगितल्याशिवाय बसणार नाही. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्क्यांना डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. आणि त्या दाखल्यांवरही ‘हृदय बंद पडले’ असं लिहिलेलं आढळतं. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. ते कारण नव्हे.

चंद्रपूरच्या आणि गडचिरोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मुलामुलींनो, रक्त चढवण्याआधी शौचाचा रंग विचारा, गोळ्या कधी सुरू झाल्या ते विचारा, छाती ऐका आणि जे कळलं ते जागेसह लिहा. कळलं नाही तर ‘आतड्यातून रक्तस्राव असावा, दुर्बीण तपासणी हवी’ असं लिहा. आणि श्रोतेहो, १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यानं रुग्णालयानं मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्या, वाचा, आणि कारणाच्या जागी कारण नसेल तर तिथेच विचारा.