मिठाला न भिणारा जंतू

मीठ लावले की पदार्थ टिकतो हा आपल्या स्वयंपाकघरातला फार जुना भरवसा आहे, आणि लोणच्यापासून सुक्या बांगड्यापर्यंत तो बहुधा खराही ठरतो. परंतु ज्याचा जन्मच खाऱ्या पाण्यातला, त्या जंतूला हा कायदा लागू पडत नाही, हे जपानातील ओसाका शहराला 1950 च्या ऑक्टोबरात कळून चुकले. तेथे तारलीची अगदी कोवळी पिले खाऱ्या पाण्यात उकडून, अर्धवट वाळवून विकतात. त्यांना 'शिरासु' म्हणतात. ती खाऊन 272 माणसे पोटातील मुरडा, जुलाब व ओकाऱ्या यांनी हैराण झाली आणि त्यांतील 20 दगावली. ओसाका विद्यापीठाच्या त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी तपास करून जो जंतू हुडकला, तोच पुढे 'व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस' या लांबलचक नावाने, पटकीच्या जंतूचा भाऊबंद म्हणून, शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला.

मिठावाचून हा वाढत नाही, गोड्या पाण्यात तग धरत नाही. थंडीत तो समुद्रतळच्या गाळात दडून राहतो आणि पाणी तापू लागले की सूक्ष्म जलचरांना चिकटून वर येतो. उबदार, खारट मासळीत त्याची संख्या अनुकूल स्थितीत दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणजे सकाळी निरुपद्रवी वाटणारी टोपली दुपारपर्यंत घातक होण्यास अवधी तो कितीसा!

मौज अशी की समुद्रातील या जंतूंपैकी फारच थोडे रोगकारक असतात, उलट रुग्णांच्या मलात सापडणारे बहुतेक एक विशिष्ट विष निर्माण करतात, जे रक्तमिश्रित खाद्यावर जंतू वाढविला असता त्याच्याभोवती स्वच्छ कडे उमटवते. हे विष पेशींच्या आवरणाला भोके पाडते, आतड्याचा क्षारांवरील बंदोबस्त ढासळतो आणि क्षारांपाठोपाठ पाणी बाहेर धावते. शंभर अंशांवर दहा मिनिटे तापवूनही ते नष्ट होत नाही, हे ऐकून गृहिणींनी धास्तावू नये. कारण ते मुख्यत्वे जिवंत जंतूच आपल्या आतड्यात तयार करतो, आणि तो स्वतः मात्र नीट शिजविल्याने सहज मरतो.

मग शिजवून खाणाऱ्यांना भय कशाचे? जपानातच काही वर्षांनी मीठ लावलेल्या काकड्यांतून याच जंतूची बाधा झाली. काकडी काही समुद्रात उगवत नाही. ज्या फळीवर वा सुरीने मासळी कापली, तिच्यावरूनच हा कच्च्या भाजीत उतरतो. 1996 च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात या जंतूची एक नवी जात आढळली व पुढे ती अनेक देशांत पसरली, तेव्हा हे दूरदेशीचे प्रकरण म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

कोकण-गोव्याच्या श्रोत्यांस विनंती इतकीच, की मासळी भरपूर गोड्या पाण्याने धुवावी, लगेच शिजवायची नसल्यास बर्फात ठेवावी, आणि बांगडा कापलेली विळी घासून धुतल्याखेरीज तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये.