बडतर्फ कामगार आणि न्यायालयाचे दार

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली बडतर्फ कामगाराला स्वतः न्यायालयात जाता येत नसे. समेट अधिकाऱ्याचे प्रयत्न फसले, की प्रकरण न्यायालयाकडे सोपवायचे की नाही, हे शासन ठरवी. १९६५ मध्ये एकट्याची बडतर्फीही औद्योगिक विवाद मानली गेली. किल्ली मात्र शासनाकडेच राहिली. फाईल हलेपर्यंत कुणाच्या घरची चूल थांबते काय? २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट दाद मागण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती मुभा टिकली; परंतु बडतर्फीपासूनची तीन वर्षांची मुदत दोनवर आली. तडजोडीच्या आशेवर फाटकाशी घुटमळणाऱ्याने पत्रावरील तारीख आधी पाहावी.