शेजारी कोण? अनुताई वाघ ह्यांचे पुण्यस्मरण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगी आपल्या दिवंगतांविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. ज्यांनी आपणांस प्रार्थना शिकविली, ज्यांनी घासातला घास काढून ख्रिस्तमंदिरास साहाय्य केले, अशा पूर्वजांची नावे मिस्साबलीत घेतली जात आहेत, आणि ते सर्वथा योग्यच आहे. परंतु जिचे नाव आपल्या बाप्तिस्म्याच्या वहीत कधीच लिहिले गेले नाही अशा एका शेजारणीचे स्मरण आज करावे, असे आम्ही योजिले आहे. त्या म्हणजे कोसबादच्या अनुताई वाघ.

कोणी विचारील की, त्या आपल्या शेजारीण कशा? बोईसरहून उत्तरेकडे गाडीत बसले म्हणजे वाणगाव, डहाणू रोड व त्यापुढे घोलवड अशी स्थानके लागतात. घोलवडजवळ समुद्रकाठी बोर्डी गाव आहे, आणि लोहमार्गाच्या आतल्या अंगास कोसबादची टेकडी आहे. हा सारा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो आपल्याच पालघर जिल्ह्यात मोडतो. नकाशावर पाहिले तरी त्या आपल्या शेजारीण ठरतात. परंतु शेजारधर्माचे माप नकाशावर घेता येत नाही, ही गोष्ट आपणांस स्वतः प्रभू येशूने शिकविली आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आपणांपैकी लहान मुलांसही ठाऊक आहे. एका शास्त्र्याने प्रभूस विचारले होते की, माझा शेजारी कोण? प्रभूने त्यास उत्तर न देता तो प्रश्नच फिरवून परत केला. वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याचा शेजारी कोण ठरला, असे त्याने विचारिले. म्हणजे ज्याचे घर आपल्या घरास लागून आहे तो शेजारी, असे प्रभूच्या मनात नव्हते. जो आपली वाट सोडून दुसऱ्याच्या जवळ जातो, तो शेजारी होतो. आणि तो जवळ जाणारा मनुष्य ऐकणाऱ्यांच्या धर्मपंथातला नव्हता, हेही विसरता कामा नये. ह्या दाखल्याच्या उजेडात आपण अनुताईंचे जीवन पाहू.

त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयातच त्यांचा विवाह झाला आणि बालवयातच त्यांस वैधव्य आले. बालविधवेचे जिणे त्या दिवसांत कसे असे, हे येथे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. घराच्या कोपऱ्यात बसून दिवस काढावे, शुभकार्यात पुढे येऊ नये, एवढेच समाज तिच्याकडून अपेक्षीत असे. अनुताईंनी तो कोपरा पत्करला नाही. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुण्याच्या हुजूरपागेसारख्या नामांकित शाळेत त्यांनी अध्यापन केले. तेथेच राहून मानाने आयुष्य घालविले असते तरी कोणी त्यांस बोल लाविला नसता.

परंतु १९४५ साली बालशिक्षणाच्या थोर आचार्या ताराबाई मोडक ह्यांच्याशी त्यांची गाठ पडली. ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढिले आणि अनुताई त्यांच्या सोबतीस गेल्या. तेव्हा त्यांचे वय पस्तीस वर्षांचे होते. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर, वारली बांधवांच्या पाड्यांच्या मध्यभागी गेले. ज्या १९४५ साली अनुताई बोर्डीस आल्या, त्याच साली ह्या भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आपला लढा आरंभिला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे पाड्यांवरील तेव्हाची स्थिती समजते. पांढरे कपडे घातलेला मनुष्य पाड्यावर येई तो बहुधा काही घेऊन जाण्यासाठीच येई. अशा ठिकाणी दोन शहरी स्त्रिया मुलांस शिकविण्यास आल्या, तर त्यांच्यावर विश्वास कोणी ठेवावा?

येथेच अनुताईंच्या शेजारधर्माची खरी ओळख पटते. शाळा उघडली, पण मुले येईनात. अशा वेळी पुष्कळ लोक म्हणतात की, ह्यांना शिकावयाचेच नाही, त्याला आपण काय करावे? ताराबाई व अनुताई ह्यांनी तसे म्हटले नाही. मूल का येत नाही, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिले.

पाहता असे आढळले की, मोठ्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. आईबाप मजुरीस गेलेले. मुलीने शाळेस यावे तर तान्ह्याला कोणी सांभाळावे? तेव्हा शाळेला लागूनच पाळणाघर काढण्यात आले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी नांदू लागली, आणि ताईबरोबर तिचे भावंडही येऊ लागले. दुसरे असे दिसले की, जरा मोठी मुले गुरे राखावयास जातात. गुरे सोडून ती येणे शक्य नव्हते. तेव्हा शिक्षिका फळा घेऊन कुरणात गेली. गुरे चरत आहेत आणि त्यांचे राखणदार झाडाखाली अक्षरे गिरवीत आहेत, अशी ती शाळा होती. तिला कुरणशाळा हे नाव पडले. तिसरे कारण भय हे होते. लहान मूल अनोळखी इमारतीत यावयास भिते. म्हणून बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या घरापुढल्या अंगणात भरविण्यात आली, आणि तिचे नाव अंगणवाडी असे झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना आरंभिली, तेव्हा तिच्या केंद्रांस हेच नाव मिळाले. आज देशातील गावोगावी जो शब्द तोंडोतोंडी आहे, तो आपल्या ह्या शेजारच्या मातीत रुजलेला आहे.

अंगणात आलेल्या मुलांना प्रथम अंघोळ घालावी, केस विंचरावे, नखे काढावी आणि मग गाणे व खेळ, असा तेथला क्रम होता. परदेशी पद्धतीची महाग साधने आणण्यास पैसा नव्हता. तेव्हा शंखशिंपले, बिया, पाने, खडे व काटक्या ह्यांवरच मुले मोजावयास आणि ओळखावयास शिकली. दुसऱ्याच्या मुलाचे मळलेले अंग रोज आपल्या हातांनी धुणे, ही गोष्ट सांगावयास लहान आहे. ती एक दिवस करणारे पुष्कळ भेटतील, परंतु अनुताईंनी त्या भागासाठी सत्तेचाळीस वर्षे वेचली. १९७३ साली ताराबाई परलोकवासी झाल्या, त्यानंतर साऱ्या संस्थेचा भार अनुताईंवर आला. १९८४ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. तरीही त्यांचे घर कोसबादच्या टेकडीवरच राहिले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या बालविधवेस स्वतःचे मूल नव्हते, तिला पाड्यापाड्यावरील लेकरे ताई म्हणून हाक मारीत. शेजारीण होती ती नात्याची झाली.

ख्रिस्तसभेच्या महोत्सवात अन्य धर्मीय व्यक्तीचे गुणगान कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल तर तिचे निरसन ख्रिस्तसभेनेच केले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या घोषणापत्रात, इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे शिकविले आहे. शोमरोन्याची स्तुती तर प्रभूने त्याच्याही कितीतरी आधी केली होती. दाखला सांगून झाल्यावर त्याने त्या शास्त्र्यास तसेच वागण्यास सांगितले, हे आपण विशेष ध्यानात ठेविले पाहिजे. थोरांचे स्मरण करून घरी जाणे सोपे असते.

आपल्या भोवतालची वस्ती पाहा. १९६९ साली तारापूरच्या अणुकेंद्रातून वीज निघू लागली, पुढे बोईसरला कारखाने वाढले, आणि नाना प्रांतांतून माणसे पोटासाठी येथे आली. चाळीत भिंतीस भिंत लागून आहे, पण पलीकडच्या खोलीत ताप आलेला मजूर एकटा पडला आहे, ह्याची वार्ता अलीकडे पोहोचत नाही. पूर्वेच्या पाड्यांवरून कित्येक कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीच्या कामावर जातात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. ह्या सर्वांस प्रभूच्या भाषेत शेजारी म्हणावे की नाही, ह्याचे उत्तर आपण पाठ केलेलेच आहे.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एकच गोष्ट करावी, अशी आमची नम्र विनंती आहे. आपल्या आळीतील, चाळीतील वा जवळच्या पाड्यावरील शाळेत न जाणारे एक मूल शोधावे. त्यास दोष देऊ नये, उपदेशही करू नये. ते का जात नाही एवढे त्याच्या दारात बसून समजून घ्यावे, आणि ते कारण दूर करण्यास जे हाताशी असेल ते द्यावे. कोणी तान्हे सांभाळील, कोणी संध्याकाळी तासभर शिकवील, कोणी दाखल्याच्या कागदासाठी बापासोबत कचेरीत जाईल. ह्यासाठी धनाची फारशी गरज नाही. वेळ मात्र लागेल, आणि तो एका दिवसापुरता देऊन भागणार नाही.

आज आपल्या दिवंगतांसाठी प्रार्थना करिताना अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक ह्या आपल्या शेजारणींचीही नावे आपण घ्यावी. ज्या दयाघन पित्यापाशी प्याला भर पाण्याचीही नोंद राहते, तो त्यांच्या आत्म्यांस चिरशांती देवो, आणि दुसऱ्याच्या अंगणापर्यंत चालत जाण्याचे बळ आपणां सर्वांस देवो. आमेन.