चेंडू एकीच्या हातात राहत नाही



आज आम्ही तुम्हाला एका खेळाडूची ओळख करून देणार आहोत. नाव लांग पिंग, देश चीन, खेळ व्हॉलीबॉल. आपल्याकडे मैदानात दोन खांबांना जाळी बांधून पोरं खेळतात, तोच हा खेळ.

आधी त्यातले दोन नियम सांगतो. एका बाजूला सहाजणी असतात. चेंडू तीन फटक्यांत जाळीपलीकडे धाडायचा, पण जाळीवर अडवलेला चेंडू सोडला तर एकीनं लागोपाठ दोनदा मारायचा नाही. दुसरा नियम असा, की समोरच्यांची सर्व्हिस आपण जिंकून घेतली की सहाही जणींनी एकेक जागा सरकायचं. पुढची मागे जाते, मागची पुढे येते.

लांग पिंग यांचा जन्म १९६० चा. उंची सहा फूट. जाळीजवळ उडी मारून त्या असा फटका मारत, की लोक त्यांना ‘लोखंडी हातोडा’ म्हणू लागले. १९८४ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला तिच्याच घरी हरवून चीननं सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात त्या होत्या.

पण खेळाडूचं अंग किती वर्षं साथ देणार? पुढे त्या अमेरिकेत शिकायला गेल्या आणि तिथल्या विद्यापीठाच्या संघाला शिकवूही लागल्या. १९९५ मध्ये चीननं प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं, तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम तीन वर्षांची होती. लेकरू आणि काम यांची ओढाताण आपल्याला काही नवी नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्या संघानं अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक आणलं.

२००५ मध्ये त्यांनी चक्क अमेरिकेच्या संघाची जबाबदारी घेतली. २००८ ला बीजिंगमध्ये, त्यांच्याच मायदेशात, अमेरिकेनं चीनला हरवलं आणि पुढे रौप्यपदक मिळवलं. ज्या देशाला त्यांनी पूर्वी हरवलं, त्याच देशाच्या मुलींना त्यांनी मनापासून शिकवलं. हातातलं कसब त्यांनी दडवून ठेवलं नाही.

२०१३ मध्ये त्या पुन्हा चीनच्या प्रशिक्षक झाल्या. त्यांची पद्धत अशी, की ठरलेल्या सहाजणींवरच संघ चालवायचा नाही. भरपूर नव्या मुली बोलवायच्या, शिकवायच्या आणि खऱ्या सामन्यात उतरवायच्या. झू टिंग ही शेतकरी घरातली मुलगी अशीच पुढे आली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीन गटातल्या पाचपैकी तीन सामने हरला. त्यानंतर गाठ पडली यजमान ब्राझीलशी, म्हणजे आधीच्या दोन ऑलिंपिकच्या विजेत्यांशी. तो सामना चीननं ३–२ नं जिंकला आणि शेवटी सर्बियाला हरवून सुवर्णपदकही घेतलं. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणूनही ऑलिंपिकचं सुवर्ण मिळवणाऱ्या लांग पिंग व्हॉलीबॉलमधल्या पहिल्याच. झू टिंग त्या स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पुढे टोकियोत मात्र संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि लांग पिंग यांनी पद सोडलं. पण तोवर त्यांच्या हाताखाली कितीतरी मुली तयार झाल्या होत्या.

मैत्रिणींनो, गटागटांतून फिरताना आम्ही एक पाहतो. काही गटांत दहा दहा वर्षं त्याच दोघी बँकेत जातात, त्याच सह्या करतात, ठराववही एकीच्याच घरी असते. त्या हुशार असतात, कष्टाळू असतात, यात शंका नाही. पण त्यातली एक आजारी पडली किंवा मुलाकडे शहरात राहायला गेली, की गटाचं काम अडतं. बाकीच्या आठजणी म्हणतात, “आम्हाला त्यातलं काही कळत नाही.” कळणार कसं? चेंडू त्यांच्याकडे कधी आलाच नाही.

म्हणून एवढंच करा. येत्या बैठकीत ठराव लिहायला नवी बाई बसवा. बँकेत जाताना तिसरीला सोबत न्या आणि पैसे भरायची पावती तिलाच भरू द्या. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. जुन्या बाईनं शेजारी बसावं, विचारलं तर सांगावं, पण पेन मात्र हातातून काढून घेऊ नये.